दिवसा लावलेला दिवा

दुपारी बाराच्या उन्हात समोरून येणाऱ्या मोटारसायकलचा हेडलाईट चालू दिसला की आपला हात आपोआप वर जातो. पंजा उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. एक शब्दही न बोलता निरोप पोचतो. समोरचा अंगठ्यानं बटण सरकवतो, मान हलवून आभार मानतो आणि पुढं जातो. जात, धर्म, गाव न विचारता पाळला जाणारा आपल्या रस्त्यांवरचा हा एक शिष्टाचार आहे. दिवसा दिवा म्हणजे बॅटरीची नासाडी, बल्बची नासाडी आणि ती थांबवणं हे भल्या माणसाचं काम, असं आपण वर्षानुवर्षं मानत आलो.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींवरचं ते बटणच गेलं. इंजिन सुरू झालं की हेडलाईट लागणार, असा नियम आला. तरी पहिली दोन-तीन वर्षं लोक मुठी उघडत-मिटत राहिले आणि दुचाकीवाले खांदे उडवत राहिले. आता त्या खुणा कमी झाल्या आहेत. पण दिवसा दिवा कशासाठी, हे मात्र कुणी कुणाला नीट सांगितलं नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. विजेच्या कामाशी माझा संबंध लहानपणी अब्बांच्या शेजारी बसून रेडिओला सोल्डर मारायला शिकलो, तेवढाच. तरी गेल्या हिवाळ्यात मी माझ्या जुन्या राखाडी अल्टोसाठी दिवसा लागणारे एलईडी दिवे घरी बनवले. इंग्रजीत त्यांना डेटाइम रनिंग लाइट म्हणतात. गॅरेजवाले नुसतं ‘डीआरएल’ म्हणून मोकळे होतात. ते कसे बनवले हे सांगतोच, पण कशामुळे बनवले ते आधी सांगायला हवं.

आमच्या शाळेतले एक सर चंद्रपूरहून मूलच्या दिशेनं रोज मोटारसायकलनं यायचे. डिसेंबरच्या एका सकाळी चिचपल्लीच्या पुढं समोरून दोन ट्रक येत होते. मागचा ट्रक पुढच्याला ओव्हरटेक करायला बाहेर निघाला आणि सर बरोबर त्याच्या समोर आले. त्यानं ब्रेक दाबला, सरांनी गाडी रस्त्याखाली घातली. जीव वाचला. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ट्रकवाला पळाला नाही, हे त्याचं मोठेपण. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो जमिनीवर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “आईची शपथ, सर दिसलेच नाही जी.”

आम्हा सगळ्यांना चीड आली. सरळ रस्ता, लख्ख ऊन, सकाळचे साडेदहा. न दिसायला काय रात्र होती? खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोलावं, असं तिथं एकानं त्याला तोंडावर सुनावलं. मी काही बोललो नाही, पण मनात तेच होतं.

सरांची मोटारसायकल २०१७ च्या आधीची. तिला हेडलाईटचं बटण होतं आणि ते बंद असायचं. नंतर कधीतरी तेच म्हणाले, “चालू ठेवला असता तर चंद्रपूर सोडायच्या आत दहा जणांनी मूठ दाखवली असती, सर.”

ते वाक्य ऐकल्यापासून ट्रकवाल्याचं बोलणं माझ्या डोक्यात वेगळ्या तऱ्हेनं घुमू लागलं. तो खरं बोलत असेल तर?

आमचा रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चंद्रपूरहून लोहारा सोडलं की जंगल सुरू होतं. चिचपल्ली, केळझर करत मूल, पुढं सावली, व्याहाड आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. दोन्ही बाजूंनी साग, बांबू, ऐन, मोह, तेंदू. या रस्त्यावर ऊन सलग पडत नाही, पट्ट्यापट्ट्यांनी पडतं. दहा पावलं झगझगीत, दहा पावलं काळोखी. पावसाळ्यात सागाची रुंद पानं रस्त्यावर छत धरतात, उन्हाळ्यात पानं गळाली की नुसत्या खोडांच्या सावल्या आडव्या पडतात. डोळा उन्हाला सरावलेला असतो तेव्हा सावलीतली वस्तू त्याला काळ्यावर काळी वाटते. त्यात समोरून सरळ आपल्याकडे येणारं वाहन डावी-उजवीकडे सरकत नाही, फक्त मोठं होत जातं, आणि लांब असताना तेही फार हळू. डोळ्याला हालचाल चटकन कळते, पण अशी हालचाल उशिरा कळते.

आता हिशेब करा. इकडून ताशी साठ, तिकडून ताशी साठ. दोघं मिळून एकशेवीस, म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर. दोनशे मीटरचं अंतर सहा सेकंदांत संपतं. ओव्हरटेक करणारा त्यातला एक-दीड सेकंद समोर बघतो. त्या दीड सेकंदात राखाडी गाडी, मळका शर्ट आणि सागाची सावली एकमेकांत मिसळलेली असतात.

वर्गात व्याकरण शिकवताना मी मुलांना एक गंमत दाखवतो. ‘मी वाघ पाहतो’ आणि ‘मला वाघ दिसतो’ या दोन वाक्यांत फरक काय? पहिल्यात काम माझं. दुसऱ्यात ‘दिसतो’ हे क्रियापद वाघाच्या मागं जातं. वाघीण असती तर ‘दिसते’ झालं असतं. उर्दूतही तेच, ‘मुझे शेर नज़र आया’. नजर माझी, पण येणारा शेर. म्हणजे आपल्या दोन्ही भाषांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. पाहणं हे पाहणाऱ्याचं काम असतं, तर दिसण्याचं थोडं काम दिसणाऱ्यालाही करावं लागतं. दिवसाचा दिवा हे तेवढंच काम करतो. त्यानं रस्ता उजळत नाही. तो आपल्याला पाहायला नसतोच, आपण दिसावं म्हणून असतो.

हे पहिल्यांदा कायद्यात आणलं ते सूर्य कमी असलेल्या देशांनी. फिनलंडनं १९७२ मध्ये हिवाळ्यात शहराबाहेर दिवसा दिवे लावायला सांगितलं, स्वीडननं १९७७ मध्ये वर्षभरासाठी. कॅनडात १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या नव्या गाड्यांना ते लागू झालं. युरोपीय संघात ७ फेब्रुवारी २०११ पासून कारच्या नव्या मॉडेलांना वेगळे दिवसाचे दिवे सक्तीचे झाले. आपल्याकडं एवढं ऊन, आपल्याला काय गरज, असं म्हणणाऱ्यांनी एकदा दुपारी केळझरच्या जंगलातून जाऊन यावं.

पूर्वी यासाठी साधा हेडलाईटच चालू ठेवत. माझ्या गाडीत डिपरचे दोन बल्ब ५५ वॅटचे, शिवाय मागचे दिवे; म्हणजे सव्वाशे वॅटच्या पुढं. एलईडीनं हे गणित बदललं. लाल एलईडी १९६२ पासून होता, पण पांढऱ्या उजेडासाठी निळा हवा होता आणि तो चमकदार निळा मिळायला १९९० चं दशक उजाडलं. निळ्या चिपवर पिवळी भुकटी चढवली की डोळ्याला पांढरं दिसतं. त्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेलचा तो माल आज मुठीत मावतो आणि रस्त्यावरच्या दुकानात मिळतो.

मी एक वॅटचे सहा पांढरे एलईडी घेतले, प्रत्येक बाजूला तीन. असा एक एलईडी सव्वातीन व्होल्टच्या आसपास मागतो. तीन एका ओळीत जोडले की पावणेदहा होतात. गाडीची बॅटरी बारा-साडेबारा व्होल्ट, पण इंजिन सुरू झालं की चौदाच्या वर जाते. ही चढउतार एलईडीला सोसत नाही. त्याला ठरलेला करंट लागतो. त्यासाठी एलएम ३१७ नावाचं तीन पायांचं रेग्युलेटर लावलं. त्याचा नियम सोपा आहे. १.२५ ला रेझिस्टन्सनं भागा, करंट मिळतो. ३.९ ओहमचा रेझिस्टर लावला की ३२० मिलिअँपिअर. दोन्ही बाजू मिळून गाडीला नऊ वॅटचा भार. सव्वाशेच्या जागी नऊ.

खरा शत्रू उष्णता. चंद्रपूरचा मे महिना काय असतो ते वेगळं सांगायला नको. त्यात दिवा रेडिएटरजवळ. एलईडी तापला की आधी मंदावतो, मग मरतो. म्हणून खिडक्या बनवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या सेक्शनचे दोन तुकडे आणले आणि एलईडीच्या चकत्या थर्मल पेस्ट लावून त्यावर बसवल्या. रेग्युलेटरही त्यालाच स्क्रूनं आवळला. धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून कडा सिलिकॉननं बंद केल्या. कोळशाची आणि राखेची धूळ आमच्याकडं कशातही शिरते.

मग प्रश्न आला उजेड किती हवा. बाबूपेठेतले एक बॅटरीवाले चाचा गाड्यांची वायरिंग करतात. त्यांनी मला निळे, लुकलुकणारे, डोळे दिपवणारे तयार पट्टे दाखवले आणि स्वतःच बाजूला सारले. म्हणाले, “सर, ये दिखने के लिए नहीं, दिखाने के लिए है.” माझ्या व्याकरणाच्या तासाचं सार चाचांनी एका वाक्यात सांगितलं.

युरोपात वापरले जाणारे संयुक्त राष्ट्रांचे नियम इथं कामी आले. दिव्याची तीव्रता समोरून किमान ४००, जास्तीत जास्त १,२०० कॅन्डेला. रंग पांढरा. प्रकाशाचा पृष्ठभाग २५ ते २०० चौरस सेंटिमीटर. दोन दिव्यांत किमान ६० सेंटिमीटर अंतर, उंची जमिनीपासून २५ ते १५० सेंटिमीटर. पृष्ठभागाची अट मला आधी उगाच वाटली, पण अंधाऱ्या वर्गात दिवा लावला तेव्हा तिचा अर्थ कळला. तेवढाच उजेड एका बिंदूतून आला की डोळ्यात सुईसारखा टोचतो, रुंद पट्टीतून आला की टोचत नाही. उघडा एलईडी उजेड चहूकडं उधळतो, म्हणून प्रत्येकावर तीस अंशांची भिंगं बसवली आणि पुढं १४ बाय अडीच सेंटिमीटरची किंचित दुधी ॲक्रिलिकची पट्टी. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून लक्समीटर मागून आणला. पाच मीटरवर २० लक्स आले. अंतराच्या वर्गानं गुणायचं, २० गुणिले २५, म्हणजे ५०० कॅन्डेला. हद्दीच्या आत, खालच्या बाजूला. मला तेवढंच हवं होतं.

शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. हेडलाईट लागला की हा दिवा विझला पाहिजे. रात्री तो समोरच्याला त्रासच देईल. त्यासाठी पाच पायांचा रिले लागतो. चावी फिरवल्यावर येणारा करंट फ्यूजमधून ३० क्रमांकाच्या पायाला, दिवे ८७-ए ला, आणि रिलेची कॉइल हेडलाईटच्या वायरवर. हेडलाईट बंद असेपर्यंत दिवे चालू, तो लागला की टक् असा आवाज येतो आणि दिवे बंद. माणसाच्या आठवणीवर काही सोडायचं नाही.

दिवे तयार झाल्यावर एका शनिवारी शाळेच्या मैदानाच्या टोकाला, मोहाच्या गर्द सावलीत गाडी उभी केली. दिवे क्लॅम्पनं पुढं अडकवले. दोनशे पावलांवर, उन्हात, नववीची मुलं पाठ करून उभी राहिली. टाळी वाजली की मागं वळून एक क्षण पाहायचं, पुन्हा पाठ करायची आणि गाडी कुठं आहे, तोंड कुणीकडं आहे ते कागदावर लिहायचं. दर खेपेला गाडी वेगळ्या झाडाखाली, कधी दिवे चालू, कधी बंद. एकानं सुरुवातीलाच विचारलं होतं, “सर, दिवसाले लाईट कायले लावता जी?” मी म्हणालो, तूच सांगशील थोड्या वेळानं.

दिवे बंद असताना बरीच मुलं चुकली. काहींनी तर ‘गाडी नाही’ असं लिहिलं. ही मुलं चौदा वर्षांची आहेत, यांचे डोळे तल्लख आहेत आणि गाडी आहे हे त्यांना आधीपासून माहीत होतं. दिवे चालू असताना एकही कागद चुकला नाही.

ते कागद घेऊन मी सरांच्या घरी गेलो. ते तेव्हा काठी घेऊन अंगणात चालायला लागले होते. त्यांनी एकेक कागद पाहिला. ‘गाडी नाही’ असं लिहिलेले त्यांनी वेगळे काढले आणि बराच वेळ हातात धरून बसले. मग म्हणाले, “म्हणजे तो खरं बोलत होता.”

“असू शकतं,” मी म्हणालो.

“मग मी वर्षभर राग कुणावर काढला, सर?”

मला उत्तर सुचलं नाही. जिथं समोरचं दिसत नाही तिथं ओव्हरटेक करणं ही त्याची चूक होतीच, आणि दिसलं नाही म्हटल्यानं ती पुसली जात नाही. पण चूक करणारा आणि खोटारडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या व्हरांड्यात आम्ही त्याला दोन्ही ठरवलं होतं. सरांनी त्याच आठवड्यात त्याचा नंबर शोधून फोन केला. काय बोलले ते मी विचारलं नाही.

आता वाचक विचारतील, मग दिवे गाडीवर पक्के बसवले का? नाही, आणि सुरुवातीपासून तसा बेत नव्हता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीत कंपनीच्या मूळ रचनेला सोडून बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद केली. माझे दिवे मोजमापात बसतात, पण त्यांना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा शिक्का नाही. उद्या कुणीही उठून माझे पण बरोबर आहेत म्हणेल आणि निळे लुकलुकणारे पट्टे लावून येईल. वर्गात नियम शिकवणाऱ्यानं रस्त्यावर सवलत मागू नये. रस्त्यासाठी माझ्या गाडीत मूळचं बटण आहेच. जंगलाचा पट्टा लागला की मी डिपर चालू करतो आणि लोहाऱ्याला आल्यावर बंद करतो. जे दिवे बनवले ते शाळेच्या कपाटात आहेत. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान आलं की मैदानावर निघतात.

एक खटकणारी बाजूही सांगायला हवी. ऑस्ट्रियानं २००५ मध्ये दिवसा दिव्यांची सक्ती केली आणि २००८ च्या सुरुवातीपासून ती मागं घेतली. आक्षेप असा होता की सगळ्या गाड्या चमकू लागल्या की नजर त्यांच्याकडंच जाते आणि ज्यांच्याकडं दिवा नाही ते आणखी मागं पडतात. पायी चालणारा, सायकलवाला. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमचा रस्ता आला. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया, मेमध्ये तेंदूपत्त्याचे भारे डोक्यावर घेतलेली माणसं, बैलबंडी आणि मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलींवरून शाळेला येणाऱ्या आमच्या मुली. मी नऊ वॅट लावून स्वतःला दिसतं केलं, पण त्यांच्याकडं बॅटरीच नाही.

म्हणून प्रयोगाचा दुसरा भाग मुलींनी केला. सावली तीच, पावलं दोनशेच, पण गाडीच्या जागी सायकल. दप्तरावर वेगवेगळ्या रंगांचं कापड बांधून एकीनं उभं राहायचं, बाकीच्यांनी क्षणभर पाहायचं. पांढरा रंग जिंकेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण उन्हाच्या कवडशांमध्ये तो हरवला. हिरवा सागात विरघळला. रस्त्याचं काम करणारे मजूर जी जाकिटं घालतात, तसल्या झगझगीत नारिंगी कापडाची पट्टी सगळ्यांना दिसली. त्या रंगात असं द्रव्य असतं की ते डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून दिसणाऱ्या उजेडात बदलतं. ढगाळ सकाळीही ते आपसूक पेटल्यासारखं वाटतं. त्याला ना वायर लागते, ना रिले, ना परवानगी. अंधार पडल्यावर मात्र ते काम करत नाही, तिथं सायकलच्या मागं लावलेलं रेडियमच कामाला येतं.

आता आठवीच्या वरच्या मुलींच्या दप्तरांवर नारिंगी पट्ट्या शिवलेल्या आहेत. शिवायचं काम एकीच्या अम्मीनं आणि दुसरीच्या आईनं मिळून केलं. सकाळी शाळेला जाताना चिचपल्लीच्या पुढच्या वळणावर मी डिपर लावतो आणि लांब सावलीत एकापाठोपाठ एक नारिंगी ठिपके हलताना दिसतात. मुली ओळखू येण्याच्या कितीतरी आधी दिसतात. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो.